शेजारच्या काकांना, जादुगुडाच्या गाळाबद्दल

नाशिक

ती. काका,
सा. न. वि. वि.

"आभार कसले मानता, चहा घ्या," असं म्हणून तुम्ही दर वेळी विषय बंद करता, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. नात्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलं की लेकीला जादुगुडाला जाऊ कशी दिलीस. त्यांनीही हे वाचावं.

मागच्या वर्षी तिला नोकरी लागली ती झारखंडात, युरेनियमच्या खाणीजवळच्या भागातलं पाणी आणि माती तपासण्याच्या कामाची. घरात आठ दिवस कुणी धड जेवलं नाही. तुम्ही उमेदीची वर्षं त्याच भागात किरणोत्सर्ग मोजण्यात घालवलीत, हे जिन्यात बोलता बोलता कळलं आणि मी तुमचं दार वाजवलं. मला फक्त "काही होत नाही" एवढंच ऐकायचं होतं. तुम्ही ते म्हणाला नाहीत. "बसा. काय होऊ शकतं आणि ते होऊ नये म्हणून काय करतात, दोन्ही सांगतो," म्हणालात. त्या दिवशी मला रागच आला होता. आज सगळ्यात आधी आभार त्याचेच.

तिथल्या हजार किलो खनिजात एक किलोही युरेनियम नसतं, हे मी तुमच्याकडून ऐकलं. दगड दळायचा, आम्लाने युरेनियम काढून घ्यायचं, आणि उरलेला जवळजवळ सगळा ढीग म्हणजे रेतीसारखा बारीक गाळ. त्याला तुम्ही लोक टेलिंग म्हणता. युरेनियम निघून गेलं तरी मूळ खनिजातला सुमारे ८५ टक्के किरणोत्सर्ग त्या गाळातच राहतो, हे ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला होता. रेडियम तिथेच, आणि त्यातून सतत निघणारा रेडॉन वायूही तिथेच. मग तुम्ही त्या गाळावर टाकतात त्या मातीच्या थराचं सांगितलंत. माती रेडॉनला कायमचं कोंडत नाही, फक्त उशीर करते. पण रेडॉनचं अर्धायुष्यच, म्हणजे निम्मा संपायला लागणारा वेळ, ३.८ दिवसांचं, त्यामुळे वाटेत उशीर झाला की बराचसा मातीतच संपतो. चिकणमातीचा थर किती जाड, किती ओला, यावर सगळं कसं अवलंबून असतं ते मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

आणि तो पांडवलेण्यांचा रविवार! रेडियमचं अर्धायुष्य १,६०० वर्षं, लेणी त्याहून जुनी. म्हणजे लेणी कोरली तेव्हा गाळ पुरला असता तर आज निम्म्याहून कमी रेडियम उरलं असतं, असं मी मोठ्या उत्साहाने म्हटलं. तुम्ही हसला नाहीत. "ताई, थोरियम विसरलात. गाळात थोरियम-२३० आहे, त्याचं अर्धायुष्य सुमारे ७५,००० वर्षं. ते नवं रेडियम करतच राहतं." मग १० क्रमांकाच्या लेण्यातला उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप राजा नहपानाच्या जावयाचा, लेख दाखवलात. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी ३,००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले, ती अक्षयनीवी. श्रेणी गेल्या, ठेव गेली, दगड राहिला. अमेरिकेने १९७८ च्या कायद्यानंतर १९८३ मध्ये अशा गाळासाठी मानकं केली, त्यात बांधकाम शक्यतो १,००० वर्षं आणि निदान २०० वर्षं टिकावं अशी अट का घातली, ते मला त्या लेण्यात कळलं. राखण करणारी माणसं कायम असतील, हे गृहीतच धरायचं नाही.

मी विचारलं, गाळ अडवणारा बांध फुटला तर? तुम्ही झाकून ठेवलं नाहीत. १६ जुलै १९७९, न्यू मेक्सिकोतलं चर्च रॉक. बांध फुटून सुमारे ३५ कोटी लिटर आम्लयुक्त पाणी आणि हजारभर टन गाळ पुएर्को नदीत गेला, तिथल्या मूळ रहिवासी नवाहो लोकांची गुरं त्याच नदीवर पाणी पीत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण तुम्ही सांगितलंत ते बरंच केलंत.

मला सगळ्यात उपयोगी पडली ती मानकं बदलण्याची गोष्ट. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हा आमच्या घरी काय वातावरण होतं ते मला ठाऊक आहे. बदलणारा आकडा म्हणजे कुणीतरी आपल्याला फसवतंय, असं मी तेव्हापासून धरून चालले होते. तुम्ही पिण्याच्या पाण्यातल्या युरेनियमचं उदाहरण दिलंत. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १९९८ मध्ये लिटरला २ मायक्रोग्रॅम होती, २००४ मध्ये १५ झाली, २०११ मध्ये ३०. मी म्हटलं, ही तर ढिली केली! तुम्ही शांतपणे समजावलंत की पाण्यातल्या युरेनियमचा मुख्य धोका मूत्रपिंडाला, रसायन म्हणून, आणि माणसांवरचा अभ्यास हाती येत गेला तसा आकडा बदलला. उलट अमेरिकेने गाळाखालच्या भूजलाचे नियम १९९५ मध्ये वाढवले. जमिनीतच द्रावण सोडून युरेनियम काढण्याच्या नव्या पद्धतीसाठी २०१५ मध्ये मांडलेला प्रस्ताव मात्र २०१८ मध्ये मागे घेतला. तो मागे घ्यायला नको होता, असं तुम्ही म्हणालात. मलाही तसंच वाटतं. पद्धत बदलली की नियमही नव्याने तपासायला हवेत, हे निफाडच्या कुठल्याही बागायतदाराला पटेल.

लेक आता तिथे रुळली आहे. विहिरींचे नमुने घेते. गावातल्या बायका तिला पाणी कसं आहे ते विचारतात आणि ती त्यांना आकडा सांगते, त्याचा अर्थही सांगते. फोनवर ऐकताना मला तुमचाच आवाज ऐकू येतो.

काल तिने तुमच्यासाठी एक प्रश्न पाठवला आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर एकाच विहिरीचे आकडे वेगळे येतात, त्यातला कुठला धरायचा? मी वहीत लिहून घेतलाय. उद्या संध्याकाळी येते, चहा मी करून आणते.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण