लहान कुत्रे आणण्यापूर्वी आपला मे महिना आठवावा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

लहान जातीच्या कुत्र्यांची निवड कशी करावी, यावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. त्यातील माहिती चुकीची नव्हती; परंतु ती ज्या घरांसाठी लिहिली होती त्या घरांत लिफ्ट होती, वातानुकूलित खोली होती आणि चार चौक ओलांडले की कुत्र्यांचा दवाखाना होता. तोच अंक आमच्या तालुक्यातही येतो, आणि पुण्याला नोकरीवर असलेली मुले गावी राहणाऱ्या आईवडिलांना सोबत म्हणून पगचे किंवा पॉमेरियनचे पिल्लू आणून देतात, ही गोष्ट आता दोन-तीन हजार वस्तीच्या गावांतही नवलाची राहिलेली नाही. मी चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतील पशुवैद्यकीय दवाखान्यांत ३१ वर्षे पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली. सुरुवातीच्या काळात आमच्या दारी कुत्रे आलेच तर ते रानडुकराने फाडलेले किंवा जखमेत किडे पडलेले गावठी कुत्रे असे. बाकी सारी गाय, बैल आणि बकरी. निवृत्तीपूर्वीच्या आठ-दहा वर्षांत मात्र टोपलीत घालून, मोटारसायकलच्या टाकीवर बसवून ही इवलीशी कुत्री येऊ लागली, आणि त्यांतल्या अनेकांचा मूळ आजार एकच असे, की ते कुत्रे त्या घरासाठी नव्हते. म्हणून हे पत्र.

कुत्रे निवडताना रंग, केस, उंची हे सारे नंतर पाहावे. आधी आपल्या घरातील मे महिन्याची दुपार आठवावी. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे आपण दरवर्षी वाचतो आणि भोगतोही. माणसाला घाम येतो आणि तो वाळताना अंग निवते. कुत्र्याला पायाच्या तळव्यांखेरीज फारसा घाम येत नाही; जीभ बाहेर काढून धापा टाकणे, म्हणजे नाका-तोंडातील ओलाव्यावरून हवा खेळवून रक्त थंड करणे, हाच त्याचा मुख्य उपाय. यासाठी नाकाची पोकळी लांब आणि श्वासाची वाट मोकळी असावी लागते. पगचे तोंड माणसाने निवडून निवडून चपटे केले, तेव्हा हाडे आखूड झाली, परंतु आतील मऊ टाळू आणि मांस त्या प्रमाणात कमी झाले नाही. त्यामुळे नाकपुड्या अरुंद, टाळू लोंबता आणि श्वास घोरता. ते घोरणे लोकांना गोड वाटते. प्रत्यक्षात ते जनावर हवेसाठी झगडत असते, आणि उकाडा वाढला की त्याच झगड्याने त्याच्या अंगात आणखी उष्णता निर्माण होते.

हे मी पुस्तकातून शिकलो होतो, तरीही माझ्याच घरात ते घडले. मुलाने हौसेने पग आणला, त्याचे नाव मोती ठेवले, आणि मी स्वतः या खात्यातला माणूस असून नको म्हणालो नाही, कारण नातवंडांचा आनंद डोळ्यांसमोर होता. दोन उन्हाळे कूलरसमोर निघाले. तिसऱ्या वर्षी नवतप्यात, म्हणजे मे अखेरीस सुरू होणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आम्ही सारे शेजारच्या गावी लग्नाला गेलो आणि मोतीला टिनाच्या छपराच्या खोलीत, कूलर चालू ठेवून, दार-खिडक्या बंद करून ठेवले. दुपारी वीज गेली. बंद खोलीत कूलरने आधीच दमट करून ठेवलेली हवा आणि वरून तापलेले टिन, अशा जागी धापा टाकूनही अंग निवत नाही, कारण ओलावा वाळायला हवा कोरडी लागते. साडेचारला आम्ही परतलो तेव्हा तो आडवा पडला होता, हिरड्या विटेसारख्या लाल झाल्या होत्या. कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते; माझ्या थर्मामीटरने १०८ दाखवले. साधे पाणी ओतले, पंख्याने वारा घातला, जे जे येत होते ते सारे केले. तो दिवेलागणीला गेला. दोष विजेचा नव्हता आणि मोतीचाही नव्हता. ज्या घरातील माणसे लग्नसराईत दिवसदिवस बाहेर असतात, ज्या घरावर टिन आहे आणि ज्या गावात दुपारी वीज जाते, त्या घरात मी पग येऊ दिला, हा दोष माझा होता.

हेच शिह त्झूविषयी सांगावे लागेल. तिबेट आणि चीनच्या राजवाड्यांत वाढलेल्या या कुत्र्याचे तोंड तर चपटे आहेच, शिवाय त्याचे केस माणसाच्या केसांसारखे वाढतच राहतात. रोज विंचरणारा हात आणि ठरावीक काळाने केस कापून देणारा माणूस नसेल, तर आमच्याकडे पावसाळ्यानंतर त्या केसांत कुसळे आणि सराटे अडकतात, कुसळ कानात किंवा बोटांच्या बेचक्यात शिरते आणि आत आत सरकत पू धरते. असे कुसळ चिमट्याने काढताना त्या जिवाचे काय होते, ते मी अनेकदा पाहिले आहे. ज्यांचे वावर घराला लागून आहे त्यांनी हे कुत्रे आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पॉमेरियनच्या बाबतीत थोडे खुलासेवार लिहितो, कारण आमच्या भागात सर्वाधिक मागणी त्याची आहे आणि सर्वाधिक गैरसमजही त्याच्याविषयीच आहेत. आपल्याकडे ‘पॉम’ म्हणून जे पांढरे, टोकदार तोंडाचे, झुपकेदार शेपटीचे कुत्रे मिळते, ते बहुधा इंडियन स्पिट्झ असते; ब्रिटिश काळापासून ते येथेच पैदास होत आले आहे. खरा पॉमेरियन तीन किलोच्या आसपास राहतो, तर स्पिट्झ त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही मोठा होतो. ‘टॉय पॉम’ म्हणून घेतलेले पिल्लू वर्षभरात टोंगळ्यापर्यंत आले, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी सांगत असे, की फसवणूक तुमची झाली असली तरी नुकसान झालेले नाही. स्पिट्झचे नाक लांब आहे, येथील हवेची त्याला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे, आपल्या घरातील वरणभातावर, अंडे आणि दुधाची जोड दिली तर, तो नीट राहतो, आणि परका माणूस फाटकाशी आला की घर डोक्यावर घेतो. केसांचा दुहेरी थर असल्यामुळे त्यालाही ऊन लागते. म्हणून फाल्गुनापासून आतली गळती लोकर रोज फणीने काढावी आणि दुपारी त्याला फरशीवर, हवा खेळत्या जागी ठेवावे. उन्हाळा आला म्हणून वस्तऱ्याने भादरून टाकू नये. त्याने कातडीला थेट ऊन लागते आणि पुष्कळदा केस पुन्हा पहिल्यासारखे येत नाहीत. मुले दूर आहेत, दोघे वृद्ध दिवसभर घरीच असतात, सपरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतात, अशा घराला हे कुत्रे मी आनंदाने सुचवेन. फक्त त्याचे भुंकणे ज्यांना सोसवत नाही त्यांनी विचार करावा, कारण ते कमी करता येते, बंद करता येत नाही.

डॅशहाउंड आखूड केसांचा आणि लांब नाकाचा असल्याने उन्हाला त्या मानाने बरा टिकतो. परंतु जर्मनीत तो बिळात शिरून बिज्जूची शिकार करण्यासाठी घडवला गेला आणि ती उकरण्याची ओढ त्याच्या रक्तात आहे. कुटाराच्या ढिगात, पऱ्हाटीच्या गंजीखाली तोंड घालणाऱ्या कुत्र्याची गाठ आमच्याकडे उंदराआधी नाग किंवा घोणशीशी पडते. त्याची पाठही लांब आणि नाजूक असते. दिवाणावरून उड्या मारू दिल्या आणि वजन वाढू दिले, तर मणक्यातील चकती सरकून मागचे पाय लुळे पडतात. बीगलचे वजन दहा किलोच्या आसपास असल्याने त्याला लहान म्हणतात, पण तो शिकारी कुत्रा आहे. वास लागला की हाक ऐकत नाही, आणि कुंपण नसलेल्या वाडीतून दूरवर निघून जातो. चिवावा तर इतका लहान, की अंगणातल्या धांदलीत गाईच्या एका पायाखाली त्याचा जीव जाऊ शकतो.

आता माणसांच्या दिनक्रमाविषयी. शहरातील लेखात ‘तुम्ही किती वेळ देऊ शकता’ असा प्रश्न असतो, आणि तेथे वेळ वर्षभर साधारण सारखाच असतो. शेतकऱ्याचा वेळ हंगामाप्रमाणे फिरतो. चैत्रात मांडीवर घेऊन बसायला वेळ असलेले घर सोयाबीनच्या सोंगणीत आणि पुढे कापसाच्या वेचणीत पहाटेपासून अंधारापर्यंत रिकामे असते. लहान जातीची कुत्री माणसाच्या सहवासासाठीच घडवलेली आहेत. दहा तास साखळीला बांधली तर ती सतत भुंकतात, अंगावरचे केस ओरबाडतात, कधी घरातल्याच लेकरावर दात काढतात. शेतात सोबत नेऊ म्हणावे, तर फवारणीच्या दिवसांत त्यांचे पोट औषधाने भिजलेल्या गवताला घासत जाते आणि नंतर ती तेच अंग चाटतात. आपल्या घरी दुपारी दोन वाजता, बाराही महिने, कोण असते, याचे उत्तर ‘कुणीच नाही’ असेल तर लहान जात आणू नये.

ताडोब्याच्या आसपास किंवा गडचिरोली, गोंदियाच्या जंगलाला लागून ज्यांची गावे आहेत त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. गावाजवळ वावरणाऱ्या बिबट्याला कुत्रे हे सोपे आणि आवडते भक्ष्य आहे. अंगणात बांधलेले पाच किलोचे कुत्रे राखण करत नाही, उलट बिबट्याला दारापर्यंत आणते, आणि त्याच अंगणात आपली मुले निजलेली असतात. तेथे कुत्रे असेल तर रात्री ते पक्क्या दाराच्या आतच असले पाहिजे, मग ते कोणत्याही जातीचे असो.

उपचारांविषयी मी आपल्याच जुन्या खात्याबद्दल लिहीत आहे, म्हणून सरळ लिहितो. गावातला दवाखाना मुख्यत्वे गुराढोरांसाठी आहे, आणि १९६२ या क्रमांकावर बोलावता येणारे फिरते पथकही प्रामुख्याने त्यांच्यासाठीच. लस, जखम, जंत, ताप यांवर तेथे उपचार होतात. परंतु अडलेल्या मादीचे पोट फाडून पिल्ले काढायची वेळ आली तर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा अकोल्याची पशुवैद्यकीय संस्था, नाहीतर तेथील खासगी डॉक्टर गाठावे लागतात. आणि अशी वेळ येते. चार किलोच्या मादीला माजावर असताना गल्लीतला वीस किलोचा कुत्रा लागला, की पिल्ले तिच्या कंबरेतून निघत नाहीत. जिला विणवायचे नाही, त्या मादीची नसबंदी वेळेवर करून घ्यावी. औषधांच्या बाबतीत तर हात जोडून विनंती आहे, की बैलांवर फवारायचे गोचिडांचे औषध अंदाजाने पातळ करून लहान कुत्र्याच्या अंगावर ओतू नये, आणि माणसाची तापाची किंवा अंगदुखीची गोळी अर्धी करून देऊ नये. मात्रा वजनावर ठरते, आणि तीन किलोच्या जिवात चुकीला जागा नसते. गोचीड फक्त कुत्र्याच्या अंगावर नसतात. त्यांची अंडी मातीच्या भिंतींच्या भेगांत असतात. भिंती लिंपून भेगा बुजवल्याखेरीज अंगावरचे औषध पुरत नाही, आणि गोचिडांमुळे येणाऱ्या तापाने लहान कुत्री पांढरीफटक पडून मरतात.

आठवडी बाजाराच्या रस्त्यावर, गाडीच्या डिकीत पुठ्ठ्याच्या खोक्यांतून विकली जाणारी पिल्ले मी पाहतो. बहुतेकांचे डोळे नुकतेच उघडलेले असतात. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी २०१७ साली केंद्राने नियम केले. त्यांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. आईपासून लवकर तोडलेले पिल्लू गॅस्ट्रोने, म्हणजे पार्वोने, आठवडाभरात जाते आणि विकणारा पुढच्या बाजाराला दिसत नाही. पिल्लू घेताना त्याची आई पाहण्याचा आग्रह धरावा. रेबीजची लस तीन महिन्यांचे झाल्यावर, नंतर बूस्टर आणि पुढे दरवर्षी द्यावी. कुत्रे महागडे आणि घरातच राहणारे आहे म्हणून ती टळत नाही.

मोती गेल्यानंतर चार वर्षे आमच्या घरी कुत्रे नव्हते. आता एक गावठी मादी आहे, अकरा किलोची, नालीच्या काठी सापडलेली. ती उन्हात स्वतःच रांजणाखालच्या ओल्या मातीत उकरून बसते आणि वीज गेल्याचे तिला कळतही नाही. ती मांडीवर बसत नाही, नातवंडांनी उचललेले तिला आवडत नाही, आणि रात्री गल्लीतल्या कुत्र्यांशी भांडते. ज्यांना कुशीत घ्यायला कुत्रे हवे आहे त्यांना ती चालणार नाही. आमच्या घराला ती चालते.

आपल्या पुरवणीला माझी एकच विनंती आहे. पुढच्या वेळी लहान कुत्र्यांच्या जातींचा तक्ता छापाल तेव्हा उंची, वजन आणि केस या रकान्यांशेजारी नाक आणि ऊन यांचाही एक रकाना घालावा, आणि तो अंक होळीच्या आधी काढावा. आमच्याकडे पिल्ले आणली जातात ती परीक्षा संपल्यावर, मुलांच्या सुट्टीत, म्हणजे नेमकी एप्रिलमध्ये.

आपला विश्वासू,
एक सेवानिवृत्त पशुधन पर्यवेक्षक, जिल्हा चंद्रपूर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)