पोडाच्या विहिरीत आमचाच युरिया

मा. संपादक,

उन्हाळ्यात टँकर आला की आपल्या पानावर बातमी येते. विहिरीत पाणी असतं पण ते पिण्याजोगं नसतं, त्याची होत नाही. म्हणून लिहितो.

मी केळापूर तालुक्यातला कास्तकार. माझ्या धुऱ्यापलीकडे उतार, खाली नाला, नाल्याकाठी कोलाम आदिवासींचं पोड, म्हणजे वस्ती. पोडाला प्यायला एकच विहीर. गेल्या दिवाळीनंतर प्रशिक्षण घेतलेल्या बायांनी जलजीवन योजनेच्या तपासणी संचात तिचं पाणी तपासलं, तर नायट्रेटचा रंग गडद आला. पंचायतीनं विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकली आणि पोडावर निरोप धाडला, पाणी उकळून प्या!

टीसीएलनं जंतू मरतात, नायट्रेट हलत नाही. उकळलं तर पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे उलट दाटच होतं. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा, तिच्यात सवलत नाही. तान्ह्या बाळाला असल्या पाण्यात दुधाची पावडर कालवून पाजली, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घटते, अंग निळसर पडतं. पंचायतीकडे पाणी सुरक्षित असल्याचं हिरवं कार्ड आहे म्हणे. ते विहिरीभोवतीची स्वच्छता, टीसीएलचा साठा असलं काही पाहून मिळतं.

नायट्रेट कुठून आलं हे सांगायला साहेब नको. बरंचसं माझ्या वावरातून गेलं. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना आणि डीएपीची १३५० ला असताना हात कुठे जाणार? युरियाच्या एका गोणीत जवळपास २१ किलो नत्र असतं, त्याचंच मातीत नायट्रेट होतं. पऱ्हाटी पिवळी दिसली की आम्ही ढगाकडे बघत युरिया फेकतो, आणि मोठी सर आली की मुळाला लागण्याआधीच तो खाली जातो. त्यात काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पहिल्या पावसाचं पाणी गेल्या हंगामातलं उरलेलं खत आणि उकिरड्याचं निथळ घेऊन त्या भेगांतून थेट मुरमात उतरतं, तिथून खडकाच्या फटींनी उताराच्या विहिरीला. फवारणीचा पंपही आम्ही विहिरीपाशीच धुतो. मीही धुतला आहे.

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात नायट्रेटनं सर्वाधिक ग्रासलेल्या देशातल्या १५ जिल्ह्यांत महाराष्ट्राचे सात आहेत. त्यातले वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ हे चार आपल्या विदर्भातले. खोल बोअर मारा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. आमच्याच जिल्ह्यात बोअरला फ्लोराइड लागलेली गावं आहेत. डागाळलेले दात आणि आखडलेले सांधे घेऊन फिरणारी माणसं त्यांनी एकदा बघावीत.

पावसाळ्याआधी आणि नंतर प्रत्येक विहिरीचा नायट्रेटचा आकडा पंचायतीच्या भिंतीवर रंगवा, आणि पोडावर कोलामीत कुणाकडून तरी वाचून घ्या. मी यंदा उतारावरच्या दोन एकरांत युरिया तीन हप्त्यांत, डवऱ्यामागे मातीआड देणार आहे. पण विहीर एका हंगामात निवळत नाही. तोवर पोडाला नळाचं पाणी द्या. गावाला ते येतं, आणि आमच्या टाकीपासून पोड पाऊण किलोमीटरवर आहे.

एक कापूस उत्पादक,
ता. केळापूर, जि. यवतमाळ