गोव्याला जाताना नुसता कुंदा घेऊन पळू नका

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की पेपरात आंबोलीचा फोटो येतो, गोकाकचा येतो, पण हे सगळं बघायला बेळगावात मुक्काम टाका असं कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. पुण्या-मुंबईच्या पाव्हण्यांना बेळगाव म्हणजे गोव्याच्या वाटेवर कुंदा (आमची खव्याची मिठाई) घ्यायचा स्टॉप. जेवले, चहा घेतला, लागले चोर्ला घाटाला.

मागच्या ऑगस्टमध्ये माझा आतेभाऊ फॅमिली घेऊन असाच निघालेला, त्याला मी हट्टानं दोन रात्री थांबवून घेतलं. पहिल्या दिवशी शिनोळीवरनं आंबोली, 65-70 किमी असेल. इथं बेळगावात टिळकवाडीत नुसती भुरभुर, वहिनी म्हणाली छत्री कशाला, आणि आंबोलीत धुकं असलं की पुढच्या गाडीचा लाइट दिसेना. मेन धबधब्याला थांबलोच नाही (पाण्यापेक्षा माणसं जास्त आणि माणसांपेक्षा गाण्यांचा आवाज जास्त), सरळ हिरण्यकेशीच्या उगमाला गेलो. गुहेतनं पाणी येतंय, शेजारी महादेवाचं देऊळ, आणि तिथं सापडलेल्या एका बारक्या माशासाठी ती जागा 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झालीय. हे सांगितल्यावर पोरं तासभर पाण्यात वाकून बसली. मासा काय दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी बरोबर उलट्या दिशेला, गोकाक. अंकलगीकडं जाईपर्यंत पाऊस मागंच राहिला, काळी जमीन, ऊस आणि डोक्यावर चक्क ऊन, आणि धबधब्यावर पोचलो तर 52 मीटरवरनं गढूळ लाल पाणी नुसतं कोसळतंय. भाऊ म्हणतो, अरे इथं जमीन कोरडी, मग एवढं पाणी आलं कुठनं? म्हटलं कालचंच की! म्हणजे अगदी तेच नव्हे, पण हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत खाली येऊन घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा गोकाकात उडी घेते, तिकडं घाटात पाऊस आणि इकडं उन्हात धबधबा. एका गावात बॅग ठेवून दोन दिवसात दोन्ही बघता येतं, आणि रात्री परत बेळगावच्या गारव्यात झोप. फक्त घटप्रभेवरच्या हिडकल धरणातनं पाणी सोडलंय का ते आधी विचारून जावं, नाहीतर गोकाकात नुसते खडक आणि करदंट (तिथली सुक्यामेव्याची मिठाई).

येताना गोडचिनमलकी पण झालं. तो धबधबा मार्कंडेय नदीचा, तीच नदी वर राकसकोपला अडवलीय आणि तिथलं पाणी आपल्या नळाला येतं. हे मलाही चाळिशीत कळलं.

तिसरा दिवस असेल तर जांबोटी-कणकुंबी. मलप्रभा कणकुंबीत उगम पावून पूर्वेला जाते, आणि त्याच खानापूर तालुक्यातली म्हादई पश्चिमेला गोव्यात. भीमगड अभयारण्यात मात्र फॉरेस्टची परवानगी असल्याशिवाय घुसू नका, रील करायला तर नकोच.

पण हे झालं गाडीवाल्यांचं. मी दोन वर्षांपूर्वी बसनं कणकुंबीला गेलो तर परतीची बस किती वाजता ते तिघांना विचारलं आणि तिघांनी तीन टायमिंग सांगितली, शेवटी एका टेम्पोवाल्यानं दया करून जांबोटीपर्यंत आणून सोडलं. आणि भाऊ आधी ज्या लॉजवर उतरणार होता तिथं काउंटरवर विचारलं, बघायला काय आहे हो इथं, तर तो पोरगा गोव्याचाच रस्ता सांगायला लागला!

म्हणून विनंती एवढीच, जून ते सप्टेंबर दर शुक्रवारी एक छोटा चौकोन छापा. कुठला घाट चालू, हिडकलचं पाणी सोडलंय का, वनखात्यानं कुठं बंदी घातलीय आणि कणकुंबी, आंबोलीहून परतीची शेवटची बस कितीची. जागा नसली तर राशिभविष्य थोडं बारीक टायपात घ्या, आमची तक्रार नाही.

आपला,
एक जुना वाचक, शहापूर, बेळगाव