बर्फ न धरणारे रस्ते हवेत, पण नेमके कुठे?

मा. संपादक,
स.न.

बर्फ साचू न देणाऱ्या डांबरावरचा तुमचा लेख ई-पेपरवर वाचला, छान आहे, पण शेवटी 'मनालीला हे कधी?' असं विचारलंय म्हणून लिहितोय. मी मिशिगनमध्ये राहतो, इथे चार-पाच महिने बर्फाशीच संसार असतो.

मुळात असं डांबर जाड बर्फ वितळवत नाही हो. त्यात कॅल्शियम क्लोराइडचे कण जवसाच्या तेलाचं आवरण देऊन मिसळतात, १९७० च्या दशकात युरोपात निघालेला प्रकार आहे, टायरने वरचा थर झिजला की नवे कण उघडे पडतात आणि बर्फ रस्त्याला घट्ट चिकटत नाही. बस एवढंच. फूटभर पडला तर प्लाऊ, म्हणजे बर्फ बाजूला ढकलणारी गाडी, फिरवावाच लागतो, फक्त तो सहज खरवडला जातो. शिवाय हाच क्षार हवेतला ओलावा ओढतो त्यामुळे नवाकोरा रस्ता दमट दिवसात उलट निसरडा होऊ शकतो, हे जाहिरातीत कोण सांगणार!

खरी कमाल बघायची तर आमच्याच राज्यातलं हॉलंड गाव बघा. १९८८ पासून तिथल्या मेन मार्केटच्या रस्त्यांखाली आणि फुटपाथखाली पाइप टाकलेत आणि वीजकेंद्र थंड करून निघालेलं साधारण ३५ अंशांचं पाणी त्यातून फिरवतात. बाहेर सगळं पांढरं आणि इथे लोक साध्या बुटात शॉपिंग करतायत! पण हे परवडतं कारण ती उष्णता नाहीतर वायाच जाणार होती, आणि पाइप रस्ता नव्याने करतानाच घातले. आइसलँडमध्ये रेक्याविकलाही घरं गरम करून परत आलेलं जमिनीतलं गरम पाणीच फुटपाथखालून सोडतात.

अमेरिकेतल्याच नेब्रास्का राज्यात एका पुलावर विजेने तापणारं काँक्रीट घातलंय, त्यात स्टीलचे तंतू आणि कार्बन मिसळलेला असतो. पूलच का, तर खालून वरून दोन्हीकडून थंड हवा लागते म्हणून पूल आधी गोठतो. म्हणजे श्रीमंत देशसुद्धा अख्खा हायवे तापवत बसत नाहीत, जिथे गाड्या घसरतात तेवढाच तुकडा धरतात.

मनालीचंही तसंच बघायला हवं असं माझं मत. अटल टनेलची तोंडं, सावलीतली वळणं, ओढ्यावरचे पूल, अशा जागी प्रयोग करा ना. मनालीजवळ वशिष्ठ गावाला गरम पाण्याचे झरे आहेत म्हणून कोणी लगेच आइसलँडचं स्वप्न बघू नये, तेवढ्या पाण्याने हायवे तापत नाही. बाकी रस्त्याला मीठ, वाळू आणि प्लाऊच, आणि मीठही पारा उणे दहाच्या खाली गेला की फारसं चालत नाही.

आणि डिसेंबरात पुण्या-मुंबईहून गाडी घेऊन निघणाऱ्यांसाठी पर्यटन पुरवणीत टायरला चेन कशी लावायची हे फोटोसकट छापाल का? हॉटेलांच्या यादीपेक्षा ते जास्त कामाला येईल.

– एक वाचक, मिशिगन