एल्सिनोर: शेवटच्या मुक्कामाला एकच ओळ?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

लंडनच्या 'शेक्सपिअर्स ग्लोब' या नाट्यसंस्थेने 2014 ते 2016 या काळात केलेल्या 'हॅम्लेट'च्या जगदौऱ्यावरील लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. देशांची 197 ही संख्या, निवडणुकीच्या आदल्या दिवशीचा किव्हमधला प्रयोग, जॉर्डनच्या झातारी छावणीत सीरियन निर्वासितांसमोर झालेला प्रयोग, हे सारे त्यात आले आहे. परदेशातील शेवटच्या मुक्कामाला, म्हणजे एप्रिल 2016 मध्ये डेन्मार्कमधील हेलसिंगोरच्या क्रोनबोर्ग किल्ल्यात झालेल्या प्रयोगाला, मात्र एकच ओळ मिळाली आहे आणि तीही 'पर्यटकांचे आकर्षण' अशी. व्यावसायिक नाटकांचे नेपथ्य लावण्यात आणि उतरवण्यात ज्याची सव्वीस वर्षे गेली, अशा माणसाला ती ओळ फार अपुरी वाटली, म्हणून हे पत्र.

हेलसिंगोर म्हणजेच नाटकातले एल्सिनोर. त्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात एक फिरती नाटक मंडळी एल्सिनोरला येऊन पोहोचते. शहरात राहून नाव आणि पैसा दोन्ही अधिक मिळत असताना ही मंडळी गावोगाव का फिरत आहेत, असे डेन्मार्कचा राजपुत्र हॅम्लेट विचारतो, आणि शहरात बालनटांच्या मंडळ्यांनी त्यांचा धंदा बसवला आहे, हे त्याला कळते. नटांची नीट बडदास्त ठेवा, असे तो राजाचा मंत्री पोलोनियस याला सांगतो. त्यांच्या योग्यतेप्रमाणे ठेवतो, असे पोलोनियस म्हणताच हॅम्लेट त्याला थांबवतो आणि योग्यतेहून पुष्कळ चांगली ठेवायला सांगतो. दोन वर्षे विमानतळांवर आणि अनोळखी रंगमंचांवर काढलेली बारा नटांची मंडळी एल्सिनोरलाच येऊन, एल्सिनोरला आलेल्या दमलेल्या नटांचा हा प्रवेश करते, तेव्हा त्या प्रवेशात काय भरून येत असेल, हे दौरा केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. या मंडळीत हॅम्लेट दोघे होते, लादी एमेरुवा आणि नईम हयात. एकाच माणसाने दोन वर्षे ती भूमिका ओढणे किती अवघड आहे, हे जाणूनच ती वाटणी केली असावी, असे मला वाटते.

या जागेचे नटांशी असलेले नाते नाटकाहूनही जुने आहे. राजा दुसरा फ्रेडरिक याने बांधून घेतलेला हा राजवाडा 1585 मध्ये पूर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी विल केंप, जॉर्ज ब्रायन आणि थॉमस पोप हे इंग्रज नट त्याच्या दरबारात नोकरीला होते. हे तिघेही पुढे शेक्सपिअरच्या मंडळीत आले. शेक्सपिअरने एल्सिनोरचे वर्णन त्यांच्याच तोंडून ऐकले असावे, असा तर्क अभ्यासक करतात आणि मला तो मनापासून पटतो, कारण दौऱ्याहून परतलेला नट तिथल्या गोष्टी सांगितल्यावाचून राहत नाही. 1816 मध्ये किल्ल्यातल्या शिबंदीच्या सैनिकांनी तिथे 'हॅम्लेट' केले. 1937 मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए आणि व्हिव्हियन ली या इंग्रज कलाकारांचा तिथला प्रयोग पावसामुळे जवळच्या हॉटेलच्या दिवाणखान्यात हलवावा लागला होता. अशा ठिकाणी दौऱ्याचा शेवटचा परदेशी मुक्काम ठेवून मग 23 आणि 24 एप्रिलला, शेक्सपिअरच्या चारशेव्या स्मृतिदिनाच्या सुमारास, घरच्या रंगमंचावर परत येणे, हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता.

मराठी वाचकाला याचे अगत्य असायला हवे, कारण हे नाटक आपल्याकडेही फार पूर्वी आले आहे. डोंगरीच्या तुरुंगात काढलेल्या 101 दिवसांत आगरकरांनी ज्याच्या भाषांतराचे काम केले, ते 'विकारविलसित' 1883 साली प्रसिद्ध झाले, आणि शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशी यांनी त्यातला चंद्रसेन, म्हणजे मराठीतला हॅम्लेट, गाजवला. त्यांच्या अभिनयाविषयी लिहिलेले आपण वाचतो. पण मुक्काम हलताना पडदे कोणी गुंडाळले, पेट्या कोणी भरल्या, हंगामाचा शेवटचा खेळ कोणत्या गावी झाला, याची विचारपूस आपण कधी केली नाही.

आजही तेच चालले आहे. नाटक अमेरिकेला निघाले की विमानतळावरचे छायाचित्र छापून येते. परतल्याची बातमी क्वचितच येते. मी गेलो होतो त्या दौऱ्याचा शेवटचा प्रयोग न्यू जर्सीतल्या एका शाळेच्या सभागृहात झाला. सामान इथून नेणे परवडत नाही, म्हणून नेपथ्यातला दरवाजा तिथल्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनी, दिवसभर नोकरी करून, रात्री जागून बनवला होता. पडदा पडल्यावर तो मोडवेना. एका गृहस्थांनी तो आपल्या गॅरेजमध्ये ठेवून घेतला. आमच्यातल्या प्रमुख अभिनेत्रीने निघताना त्या दरवाजाच्या कडीला हात लावून नमस्कार केला, तो मी अजून विसरलेलो नाही.

आपल्याला विनंती अशी, की परदेश दौरे केलेल्या मराठी नाटकांच्या व्यवस्थापकांकडून, प्रकाशयोजनाकारांकडून आणि कपडेपट सांभाळणाऱ्यांकडून त्यांच्या शेवटच्या मुक्कामाची हकीकत लिहून मागवावी आणि ती पुरवणीत क्रमाने छापावी. यांतले पुष्कळजण आता सत्तरी ओलांडलेले आहेत. माझी दौऱ्याची वही मी आपल्या कार्यालयात स्वतः आणून द्यायला तयार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त नेपथ्य साहाय्यक, सांगली