ग्रीक बेटांची सफर: पडद्याइतकेच लक्ष नांगराकडे हवे

महोदय,

रविवारच्या पुरवणीत ग्रीसच्या बेटांमध्ये शिडाची बोट भाड्याने घेऊन फिरण्याविषयीचा लेख वाचला. मोबाइल आणि जीपीएसमुळे आता कोणीही हौशी माणूस आठवडाभर स्वतः बोट हाकू शकतो, असा त्याचा सूर होता. तो अर्धाच खरा आहे आणि उरलेला अर्धा सांगितला नाही तर वाचकांचे नुकसान होईल, म्हणून हे पत्र.

‘आपण नेमके कुठे आहोत’ हा दर्यावर्दींचा जुना प्रश्न तंत्रज्ञानाने सोडवला, यात शंका नाही. मे 2000 मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली त्रुटी काढून टाकली आणि सुमारे 100 मीटरची चूक दहा-एक मीटरवर आली. पण पडद्यावरचा नकाशा जितका लहान करून पाहावा, तितके त्यातले तपशील गळतात. 29 नोव्हेंबर 2014 रोजी जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली ‘वेस्टास विंड’ ही बोट मॉरिशसच्या ईशान्येला कार्गादोस काराहोसच्या प्रवाळ खडकांवर आदळली, ती याच कारणाने. नऊही खलाशी वाचले. त्या बोटीवर व्यावसायिक लोक होते, हे ध्यानात घ्यावे. दुसऱ्या दिवशीचा मार्ग आखला की तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत नकाशा मोठा करून, पडद्यावर हाताचे बोट फिरवत तपासायचा. याला दहा मिनिटे पुरतात.

आपल्याकडच्या लोकांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मुंबईला भरती-ओहोटीत पाच मीटरपर्यंत फरक पडतो. ग्रीक बेटांभोवतीच्या एजियन समुद्रात तो अर्धा मीटरही नसतो. त्यामुळे तिथे खडकावर चढलेली बोट सहा तासांनी भरतीच्या पाण्याने आपोआप सुटत नाही.

खरी गडबड होते ती नांगर टाकताना. समजा, खोली दाखवणारे यंत्र 4 मीटर म्हणते. हे 4 मीटर पाण्याच्या पृष्ठापासून की बोटीच्या कीलखालचे (कील म्हणजे बोटीच्या तळाखालचे जड पाते), हे बोट ताब्यात घेतानाच विचारले पाहिजे. कीलखालचे असतील तर कीलचे 2 मीटर आणि पाण्यापासून नाळेपर्यंतचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापर्यंतचा, 1 मीटर मिळवून हिशेब 7 मीटरचा होतो. साखळी या खोलीच्या पाचपट धरली तर ती 35 मीटर सोडावी लागते. नुसत्या 4 मीटरवर हिशेब केला तर 20 मीटरच सुटते, म्हणजे तिपटीपेक्षाही कमी, आणि रात्री वारा वाढला की नांगर घसरतो. साखळी सोडल्यावर इंजिन उलट्या गिअरमध्ये हळूहळू वाढवत नांगर धरला की नाही ते पाहावे. हिरवट-काळ्या समुद्री गवतावर तो धरत नाही आणि गवताचीही नासधूस होते. वाळूचा फिकट पट्टा शोधावा.

नांगर घसरल्याची सूचना देणारी अ‍ॅप उपयोगी आहेत, पण बहुतेक लोक ती चुकीच्या वेळी सुरू करतात. अ‍ॅप नांगराभोवती एक वर्तुळ आखते आणि बोट त्याबाहेर गेली की ओरडते. म्हणून नांगर तळाला टेकतो त्या क्षणी, नाळेवर उभे राहून बटण दाबायचे. बोट मागे सरकून स्थिरावल्यावर मागच्या केबिनमध्ये बसून दाबले तर वर्तुळाचा मध्यच चुकतो. मग वारा फिरला की नांगर जागेवर असूनही फोन ओरडतो आणि वैतागून माणूस तो बंद करतो. वरच्या उदाहरणात 35 मीटर साखळी, 12 मीटर बोट आणि जीपीएसच्या चुकीसाठी थोडी सूट धरून 55 मीटरची त्रिज्या ठीक होईल. फोन चार्जिंगला लावावा आणि त्याची बॅटरी-बचत बंद करावी, नाहीतर अ‍ॅप मध्यरात्री गुपचूप मिटते.

साखळी ओढायच्या विजेच्या विंडलासबद्दलही असेच. 12 व्होल्टवर 1000 वॉट म्हणजे 80 अँपिअरच्या वर वीज खेचली जाते. इंजिन चालू ठेवून बोट हळू पुढे न्यायची आणि सैल झालेली साखळी तेवढी गोळा करायची. विंडलासनेच बोट ओढली की ब्रेकर पडतो, आणि तो कुठे आहे हे कोणालाच ठाऊक नसते. हायड्रा बेटाच्या चिमुकल्या बंदरात तर एकमेकांच्या साखळ्या अडकणे रोजचेच आहे. दुसऱ्याची साखळी आपल्या नांगरावर आली तर तिच्याखालून दोर घालून दोन्ही टोके नाळेवर बांधायची, आपला नांगर थोडा खाली सोडून मोकळा करायचा, मग दोराचे एक टोक सोडायचे. यात हात साखळीपासून लांब ठेवावेत.

उपग्रह इंटरनेट आता बोटीवरही आले आहे. त्याचा खर्च बॅटरीला विचारा! 60 वॉटचा संच 12 व्होल्टवर 5 अँपिअर घेतो; चोवीस तासांत 120 अँपिअर-तास. 120 अँपिअर-तासांच्या दोन साध्या (लेड-अ‍ॅसिड) बॅटऱ्या असतील तर त्यांतले निम्मेच वापरायचे असते, म्हणजे सगळे इंटरनेटच खाते. आधी फ्रिज बंद पडतो. इंजिनची बॅटरी वेगळी असल्यामुळे इंजिन सुरू होते, पण रेडिओ आणि नकाशाचा पडदा धड चालत नाहीत. रात्री संच बंद ठेवावा.

हवामानाच्या अंदाजाने मात्र मोठी सोय झाली आहे. जुलै-ऑगस्टमध्ये एजियनमधल्या सायक्लेडीज बेटांवर मेल्तेमी हा उत्तरेचा जोरदार वारा वाहतो, तोही निरभ्र आकाशात. कोकणातल्यासारखे ढग आधी वर्दी देत नाहीत. तीन-चार दिवस आधी त्याची चाहूल अ‍ॅपमधूनच लागते. पण अनेक अ‍ॅप ज्यावर चालतात त्या जीएफएस या जागतिक हवामान-प्रारूपाच्या जाळीतला एक चौकोन साधारण 25 किलोमीटरचा असतो आणि सेरिफोससारखे बेट त्यात मावून जाते. तिनोस-मिकोनोसमधल्या सामुद्रधुनीत वाढणारा वारा आणि डोंगरांवरून दक्षिण किनाऱ्यावर कोसळणारे झोत त्यात पुरते दिसत नाहीत. शिवाय अ‍ॅपमधला मोठा आकडा सरासरीचा असतो. 20 नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) जागी 28 नॉटचा झोत आला तर शिडावरचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. झोतांचा आकडा पाहून शीड आधीच कमी करावे.

लेखात परवान्याचा उल्लेख नव्हता. ग्रीसमध्ये कप्तानाशिवाय बोट घ्यायची तर भाड्याने घेणाऱ्यापैकी एकाकडे तिथे चालणारा परवाना लागतो आणि सोबत एक अनुभवी माणूस असल्याचे लेखी द्यावे लागते. आगाऊ रक्कम भरण्याआधीच परवान्याची प्रत कंपनीला पाठवून तो चालेल का हे विचारावे. नसेल तर स्थानिक कप्तान घेता येतो. पुढच्या वेळी ही माहिती आणि ग्रीक तटरक्षक दलाचा 108 हा क्रमांक लेखासोबत चौकटीत छापावा, ही विनंती.

– शिडाच्या बोटी चालवायला शिकवणारा एक वाचक, मुंबई