एल्डार अजिंक्य नाहीत

महोदय,

रविवार पुरवणीतल्या लेखात ‘बॅटलफ्लीट गॉथिक’ या टेबलावर फाशांनी खेळायच्या अंतराळयुद्धाच्या खेळातला एल्डार या परग्रहवासीयांचा ताफा अजिंक्य ठरवलाय. पटलं नाही. पुढे येऊन मारा करायचा आणि त्याच फेरीत पुन्हा सरकून निसटायचं, याने समोरचा मेटाकुटीला येतो, हे खरं. पण त्यांचं चिलखत चहूबाजूंनी फक्त ४+ (म्हणजे फाशावर चार किंवा जास्त पडले की मार बसतो), ढाली नाहीतच, आणि सूर्याकडे तोंड केलं की वेग गळतो. म्हणून मी माणसांच्या साम्राज्याच्या क्रूझर (युद्धनौका) सूर्य पाठीशी घेऊन, घोळका करून उभ्या करतो. खुल्या, अडथळे नसलेल्या टेबलावर मात्र एल्डार डोईजडच. तिथे नियम बदलण्यापेक्षा ग्रह राखायचा डाव मांडावा. मग पळून भागत नाही. (पोरं याला रडीचा डाव म्हणतात, म्हणोत.)

– एक निवृत्त बोटवाला, डोंबिवली